कंडक्टरचा जिना

लंडनची लाल डबल-डेकर बस डोळ्यांसमोर आणा. साल १९४९. बसवर कामाला दोघं जण: पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर, मागे कंडक्टर. दोघांची नोकरी एकाच संस्थेत, घरं साधारण एकाच प्रकारच्या वस्तीत, खाणंपिणं सारखं आणि छातीत जाणारा शहराचा धूरही तोच. फरक म्हणावा तर एवढाच, की ड्रायव्हरची पाळी बसून जाते आणि कंडक्टरची जिन्यात. स्टॉप आला की वर, तिकिटं देऊन झाली की खाली, पुन्हा वर. बेस्टच्या जुन्या डबल-डेकरमधून ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना तो अरुंद जिना आणि चालत्या गाडीत तोल सावरत तो चढणारा कंडक्टर वेगळा सांगायला नको.

आता सांगा, या दोघांपैकी हार्ट अटॅक कुणाला जास्त येईल?

आज शेंबडं पोरसुद्धा उत्तर देईल. पण तेव्हा हा प्रश्न विचारणंच नवं होतं. युद्ध नुकतं संपलं होतं. चाळिशी-पन्नाशीचे धडधाकट पुरुष छातीत कळ येऊन अचानक कोसळत होते आणि का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. व्यायामाने प्रकृती चांगली राहते असं जगभर लोक मानत होतेच. आपल्याकडे तर गावोगावी तालमी होत्या. पण मानणं वेगळं आणि मोजणं वेगळं. जिना चढल्याने अमुक एक आजार टळतो, हे आकड्यांत कुणी दाखवलेलं नव्हतं.

ते दाखवलं जेरी मॉरिस या डॉक्टरने. युद्धाच्या काळात मॉरिस ब्रिटिश सैन्याचे डॉक्टर म्हणून भारतात होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी लंडनच्या बस, ट्राम आणि ट्रॉलीबसवर काम करणाऱ्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारांच्या नोंदी गोळा करायला घेतल्या. त्यांची माणसं तासन्‌तास बसमध्ये बसून कंडक्टरच्या पायऱ्या मोजत. हिशेब निघाला दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. ड्रायव्हरचा मात्र पाळीतला ९० टक्के वेळ बसून जात होता.

आकडे हाती आले तेव्हा मॉरिस यांनी ते लगेच छापले नाहीत. योगायोग असेल तर? म्हणून त्यांनी टपालखात्याकडे मोर्चा वळवला. तिथे पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन होते आणि त्याच खात्यात खुर्चीवर बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटरही होते. तिथेही तेच निघालं! मग १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाला दर हजार ड्रायव्हरांमागे २.७ जणांना हृदयविकार जडत होता आणि दर हजार कंडक्टरांमागे १.९ जणांना. कंडक्टरांना तो जडलाच तर उशिरा आणि सौम्य. पहिल्याच झटक्यात दगावणारे ड्रायव्हरांमध्ये कितीतरी जास्त.

शंकेखोर वाचकाच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल. मुळातच स्थूल माणूस ड्रायव्हरची बसून करायची नोकरी पत्करत असेल आणि काटक माणूस कंडक्टर होत असेल, तर? मग श्रेय जिन्याचं कसं? अगदी रास्त शंका आहे, आणि मॉरिस यांनी ती ज्या रीतीने तपासली तो या सगळ्या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग आहे. बसच्या कर्मचाऱ्यांना गणवेश मिळायचा, आणि गणवेश शिवायचा म्हणजे मापं आलीच. मॉरिस यांनी त्या विजारींच्या कंबरेची मापं मिळवली! शंका काही अंशी खरी निघाली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. पण पुढचं पाहा. सारख्याच मापाची विजार घालणारे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी शेजारी ठेवले, तरी अचानक मरण येण्याचं प्रमाण ड्रायव्हरांमध्येच जास्त होतं. सडपातळ ड्रायव्हरांमध्ये ते सडपातळ कंडक्टरांपेक्षा जास्त, आणि पोट सुटलेल्यांमध्येही तसंच. म्हणजे जिना जे काही करत होता, ते नुसतं वजन कमी ठेवून करत नव्हता.

मग काय करत होता? जिना चढतात पाय. त्यातून हृदयाला काय मिळतं? याचं उत्तर त्या काळी कुणाकडेच नव्हतं. मॉरिस स्वतः मात्र उत्तरासाठी थांबले नाहीत. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर ते साठच्या दशकातच धावायला जाऊ लागले, आणि २००९ मध्ये वारले तेव्हा ९९ वर्षांचे होते.

उत्तराचा एक धागा रक्तवाहिन्यांच्या आत सापडला. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्याची जाडी किती? फक्त एका पेशीची. रक्त वाहताना या अस्तराला घासून पुढे जातं, आणि ते घासणं या पेशींना कळतं! रक्तवाहिनी जिथे सरळ असते तिथे पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन एका ओळीत बसलेल्या असतात. जिथे फाटा फुटतो किंवा वळण येतं, तिथे प्रवाह घुटमळतो, उलटसुलट होतो, आणि पेशींची ही शिस्त मोडते. कोलेस्टेरॉलचे थर शरीरभर कुठेही सारखे बसत नाहीत. ते नेमके अशाच घुटमळीच्या जागा धरतात. रक्त तेच, कोलेस्टेरॉलही तेच. तरी सरळ भाग स्वच्छ राहतो आणि वळण तुंबतं.

याचं कारण, घासणं जाणवलेली पेशी एक वायू सोडते: नायट्रिक ऑक्साइड. मोटारीच्या धुरात असतो, तोच. शरीरात त्याचं आयुष्य काही सेकंदांचं, पण तेवढ्यात तो भिंतीतल्या स्नायूंना सैल करतो, वाहिनी रुंदावते, रक्तदाब उतरतो, बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स भिंतीला चिकटायच्या थांबतात. एवढासा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे शोधून काढल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. आणि योगायोग असा, की डायनामाइट बनवून गडगंज झालेल्या आल्फ्रेड नोबेलला अखेरच्या दिवसांत हृदयासाठी डॉक्टरांनी जे औषध सांगितलं, ते होतं नायट्रोग्लिसरीन, म्हणजे त्याच्या डायनामाइटमधलाच मुख्य घटक. त्याचा गुण येतो तो शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो म्हणून. आज हृदयरुग्ण जिभेखाली ठेवायची जी गोळी खिशात बाळगतात, ती याच जातकुळीतली.

आता कंडक्टरकडे पाहा. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं. दमवणारं काम सुरू झालं की हाच आकडा २० लिटरपर्यंत सहज जातो. प्रवाह वाढला की घासणं वाढतं, घासणं वाढलं की वायू जास्त सुटतो. हे रोज घडत राहिलं, तर पेशी तो वायू बनवणारी यंत्रणाच वाढवून ठेवतात. आणि श्रम पायांनी केले तरी हातातल्या रक्तवाहिन्यासुद्धा सुधारलेल्या दिसतात! कारण वाढलेला प्रवाह सगळीकडेच फिरतो.

हृदयाचं झालं. पण आपल्या घराघरांत आज भीती आहे ती साखरेची, म्हणजे मधुमेहाची. आणि तिथे एका पुणेकर डॉक्टरांनी जगाला एक विलक्षण छायाचित्र दाखवलंय.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघं शेजारी शेजारी उभे. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचा जवळजवळ एकच, २२ च्या घरात. म्हणजे कुठल्याही तक्त्यानुसार दोघंही छान सडपातळ. पण क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण, असं याज्ञिक सांगत आले आहेत, आणि तिची मुळं आईच्या पोटात असतानाच्या कुपोषणापर्यंत जातात असं त्यांचं संशोधन सांगतं. पण फोटोखालच्या मजकुरात आणखीही एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवलेली आहे: युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती धावत पकडणं. स्वतःच्या शरीराचा पुरावा इतक्या सरळपणे जगापुढे ठेवणारे शास्त्रज्ञ मला फार मोठे वाटतात.

‘मी तर बारीक आहे, मला कशाला व्यायाम?’ असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी तो फोटो पाहायला हवा. कारण जेवल्यावर रक्तात उतरलेल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण, तर स्नायू. ते कमी असतील किंवा स्वस्थ पडून असतील, तर साखरेने जायचं कुठे?

साखर स्नायूच्या पेशीत शिरते कशी, हे तर ऐकण्यासारखंच आहे. पेशीला भिंत असते आणि साखर आपली आपण ती ओलांडू शकत नाही. तिला दार लागतं. हे दार म्हणजे ग्लुट-४ नावाचं प्रथिन. गंमत म्हणजे एरवी ही दारं भिंतीत नसतातच! ती पेशीच्या आत, इवल्याशा पिशव्यांमध्ये ठेवलेली असतात. जेवणानंतर इन्सुलिन येतं, पेशीच्या बाहेर एका ठरावीक जागी टेकतं, आत निरोप जातो, पिशव्या भिंतीपर्यंत सरकतात आणि दारं भिंतीत बसतात. मग साखर आत. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसात हा निरोपच नीट पोचत नाही. इन्सुलिन पुढच्या दाराशी कडी वाजवून थकतं, आत कुणी दाद देत नाही. साखर बाहेर ताटकळते.

पण या घराला परसदारही आहे. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या आत कॅल्शियम सुटतं, ऊर्जेचा साठा जरा खालावतो, आणि या दोन खुणांवरून पेशी आपणहून ग्लुट-४ भिंतीकडे धाडते. इन्सुलिनची वाट न पाहता! पुढच्या दारी कडी वाजो न वाजो, परसदार उघडतं आणि साखर आत जाते. टाइप-२ मधुमेह असलेल्यांमध्येसुद्धा ही दुसरी वाट शाबूत असते, म्हणजे ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडे ती आहेच. शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस पेशी इन्सुलिनचं जास्त ऐकते. नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रविवारी एकदा गड चढून आलेल्या माणसाला गुरुवारी त्याचा उपयोग का होत नाही, आणि डॉक्टर ‘नियमित’ या शब्दावर एवढे का अडून बसतात, ते इथे कळतं.

आणि आपली शतपावली? न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं, अर्थात शतपावलीचं नाव न घेता. टाइप-२ मधुमेह असलेल्या ४१ जणांना त्यांनी काही दिवस ‘दिवसातून केव्हाही ३० मिनिटं चाला’ असं सांगितलं आणि काही दिवस ‘प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला’ असं सांगितलं. एकूण चालणं तेवढंच. पण जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणोत्तर साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रक्तात साखर चढत असतानाच परसदार उघडलं, की ती फार वर जायच्या आधीच आत वळते. आजी जेवण झाल्या झाल्या अंथरूण धरू देत नसे, तिच्या त्या आग्रहाला आता मोजमापाची साथ मिळाली आहे.

प्रश्न उरतो तो लांब पल्ल्याचा: यामुळे मधुमेह खरंच टळतो का? चीनमधल्या डाचिंग शहरात १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ जणांचे गट पाडून काहींचा आहार बदलला, काहींना व्यायाम दिला, काहींना दोन्ही. हे सहा वर्षं चाललं. नंतर संशोधक त्या माणसांच्या मागावर ३० वर्षं राहिले! ज्यांनी सवयी बदलल्या त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षं पुढे ढकलला गेला, आणि हृदयाचे आजारही त्यांच्यात कमी दिसले. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला. आहार आणि चालणं यांच्या जोरावर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. रोजच्या चालण्या-खाण्यातला बदल गोळीच्या बरोबरीला येऊन बसला.

इथवर स्नायू साखर खाणारा एक मोठा अवयव आहे, एवढंच दिसलं. पण तो बोलतोही, हे कळलं २००० च्या सुमारास, कोपनहेगनमध्ये.

बेंटे क्लारलुंड पेडरसन या डॅनिश डॉक्टर आणि त्यांचे सहकारी एका कोड्यापाशी अडले होते. मॅरेथॉन धावून आलेल्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा पदार्थ प्रचंड वाढलेला दिसे, कधी कधी शंभरपट. हा पदार्थ संसर्गात आणि सुजेत वाढतो म्हणून बदनाम. मग धडधाकट धावपटूच्या रक्तात तो कुठून आला? स्नायूंना इजा झाली म्हणून? उत्तर काढण्याची त्यांची रीत पाहा. माणसाला खुर्चीवर बसवलं आणि फक्त एक पाय गुडघ्यातून झाडत राहायला सांगितलं. एक-दोन मिनिटं नाही, पाच तास. दुसरा पाय निवांत. दोन्ही पायांत जाणारं रक्त आणि पायांतून परत येणारं रक्त तपासलं. काम करणाऱ्या पायातून बाहेर पडणाऱ्या रक्तात इंटरल्युकिन-६ भरभरून होतं, निवांत पायातून आलेल्या रक्तात नव्हतं. इजा वगैरे काही नाही. काम करणारा स्नायूच ते बनवून रक्तात सोडत होता!

थायरॉइड, स्वादुपिंड अशा ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडतात हे आपण शाळेत शिकतो. शरीराच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग असलेला स्नायूही हेच करतो, हे मात्र तोवर फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पेडरसन यांनी या निरोप्यांना मायोकाइन असं नाव दिलं. आणि तोच बदनाम पदार्थ स्नायूतून आला की उलटा वागतो. त्याच्या मागोमाग शरीरात सूज शमवणारे पदार्थ वाढतात. पोटातल्या अवयवांभोवती साचलेली चरबी वर्षानुवर्षं एक मंद, न दुखणारी सूज धुमसत ठेवते आणि हृदयविकार, मधुमेह, कितीतरी आजारांना खतपाणी घालते. त्या सुजेला उतारा पायाच्या पोटरीत आणि मांडीत तयार होतो!

२०१९ मध्ये याच शहरातल्या संशोधकांनी पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल मारायला लावली. त्यातल्या काहींना इंटरल्युकिन-६ चं काम बंद पाडणारं औषध दिलं. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांची पोटातली चरबी उतरली. औषध घेतलेल्यांनी तेवढाच घाम गाळला, पण ती चरबी हलली नाही. वाचताना मी दोनदा थांबले. व्यायामाने चरबी ‘जळते’ असं आपण सरसकट म्हणतो, पण इथे तर स्नायूचा निरोप अडवला की आतल्या चरबीला पत्ताच लागत नाही.

असे निरोप आणखी कुठे कुठे जातात? धावणाऱ्या उंदरांत तर कर्करोगाच्या गाठींच्या आत शिरणाऱ्या संरक्षक पेशी वाढतात आणि गाठी खुजावतात, असं २०१६ मध्ये दिसलं. माणसांबाबतचा मोठा पुरावा २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका. व्यायाम करणाऱ्यांत कर्करोग परतण्याचा, नवा होण्याचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी निघाला. एखाद्या नव्या औषधाने एवढं केलं असतं तर पेपरात पहिल्या पानावर आलं असतं.

मेंदूचंही तसंच. कानाच्या आतल्या अंगाला, खोल मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाचा आठवणींचा भाग असतो. उतारवयात तो दरवर्षी थोडा थोडा आक्रसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्मी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालली, बाकीच्यांनी ताणाचे साधे व्यायाम केले. ताणवाल्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दीड टक्क्याने घटला. चालणाऱ्यांचा दोन टक्क्यांनी वाढला!

हाडांकडे जरा धावती नजर टाकू. वरून दगडासारखं दिसणारं हाड आतून जिवंत असतं, त्यात सूक्ष्म बोगदे असतात, बोगद्यांत पातळ द्रव आणि पेशी. चालताना हाड किंचित वाकतं, द्रव हलतो, पेशींना कळतं की इथे भार पडतोय, आणि तिथे हाड भरलं जातं. भारच नसेल तर? अंतराळवीरांकडे पाहा. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजायचं. म्हणून अंतराळ स्थानकात त्यांचे रोजचे दोनेक तास व्यायामासाठीच राखलेले असतात.

किती करायचं, हा प्रश्न मग येतोच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि सोबत दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येतं पण गाता येत नाही, असा वेग. दहा हजार पावलांचा आकडा मात्र डॉक्टरांनी दिलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांवर स्त्रियांची पावलं प्रत्यक्ष मोजली तेव्हा दिसलं, की दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. फायदा ७,५०० पर्यंत वाढत गेला आणि पुढे सपाट झाला. म्हणजे सर्वांत मोठी कमाई पहिल्या काही हजार पावलांतच आहे. आजवर काहीच न करणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती सर्वांत जास्त येते. (छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं आणि मग चालायला लागायचं, हे वेगळं सांगायला नको.)

आता उरला उलटा प्रश्न. अजिबातच हललं नाही तर काय होतं?

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे आधी मोजलेलं होतं, कारण दमसासाचं ते सर्वांत नेमकं माप. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर ती क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरलेली! हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकत होतं, नाडी जलद झाली होती. मग त्यांच्याकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला आणि क्षमता परत आली, काहींची तर पहिल्यापेक्षा वर गेली. आजारी माणसाला महिनोन्‌महिने निजवून ठेवायची वैद्यकातली जुनी चाल मोडण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. आज बायपास झालेल्या रुग्णाला नर्स दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाताला धरून वॉर्डात चालवते ना, त्यामागे हे पाच तरुण आहेत.

पण खरी कमाल १९९६ मध्ये झाली. संशोधकांनी त्याच पाच जणांना शोधून काढलं. आता ते पन्नाशीत आले होते. नोकरी, संसार, खुर्ची. वजन सरासरी २३ किलोंनी वाढलेलं. पुन्हा तीच तपासणी. ३० वर्षांत प्राणवायूची क्षमता घसरली होती, पण साधारण ११-१२ टक्केच. म्हणजे विशीत तीन आठवडे अंथरुणात काढल्याने जे नुकसान झालं, ते पुढच्या ३० वर्षांच्या म्हातारपणाने झालेल्या नुकसानीच्या दुपटीहून जास्त होतं!

त्यानंतर त्यांना सहा महिन्यांचा व्यायाम दिला. कसून नाही, बेताबेताने: चालणं, हळू धावणं, सायकल. सुरुवात थोडक्यावर, शेवटी शेवटी आठवड्याला साडेचार तास. पन्नाशीतली शरीरं, ३० वर्षं फारशी न हललेली. वजन फार उतरलं नाही. पण सहा महिन्यांनी मोजमाप केलं तेव्हा सरासरी क्षमता पुन्हा तिथेच येऊन पोचली होती, जिथे ती विशीत, अंथरुणाला पाठ लावण्याआधी होती.